भित्र्या वकीलबाई

सरोज दीक्षित यांना रस्ता ओलांडता यायचा नाही. त्यांचं ऑफिस नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं आणि जिल्हा न्यायालय रस्त्याच्या पलीकडे. दिवसातून चार वेळा तरी तो रस्ता ओलांडावा लागे. अंगात काळा कोट, छातीशी धरलेली फाइल, अशा त्या फूटपाथच्या कडेला उभ्या राहायच्या. उजवीकडे बघायच्या, डावीकडे बघायच्या, एक पाय खाली टाकायच्या आणि रिक्षाचा हॉर्न वाजला की मागे घ्यायच्या. शेवटी माझं कोपर पकडायच्या.

“सोनवणेबाई, आता?”

“थांबा, बस येतेय.”

“आता?”

“आता चला.”

पलीकडे पोचेपर्यंत माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उमटलेले असत.

पुढे याच बाई एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्ष झाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘नाशिकची वाघीण’ म्हटलं. चौकाचौकांत त्यांचे मूठ आवळलेले फलक लागले. ते फलक बघून मला हसू यायचं. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे टायपिंग केलं. त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या कुत्र्याला भीत, पालीला भीत, लिफ्टला भीत. न्यायाधीशांना तर फारच भीत. सुनावणीच्या दिवशी त्यांचे हात बर्फासारखे गार पडत आणि त्या स्टीलच्या पेल्यातलं गरम पाणी पीत नसत, नुसता पेला दोन्ही हातांत धरून बसत. पर्समध्ये चष्मे दोन असत. “एक फुटला तर?” ऑफिसात त्यांची खुर्ची भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबत. आणि वाचत मात्र अशा, की विचारू नका. कुठलाही कागद त्या तीनदा वाचत, त्यातही पहिल्यांदा शेवटच्या पानापासून. मी एकदा विचारलं, “मॅडम, उलटं का वाचता?” तर म्हणाल्या, “घात नेहमी शेवटच्या पानावर असतो. पहिल्या पानावर सगळे सभ्य असतात.”

मी त्यांच्याकडे आले तीही भीतीमुळेच. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. न्यायालयाच्या फाटकाशी पत्र्याच्या शेडखाली आम्ही चार-पाच टायपिस्ट मशीन घेऊन बसायचो. एका दुपारी या बाईंनी मला एक अर्ज टाइप करायला दिला. त्यात एका जमिनीचा गट नंबर दोन ठिकाणी वेगवेगळा पडला होता. मी नुसतं विचारलं, “यातला खरा कुठला?” बाईंचा चेहरा पांढराफटक. तिथेच माझ्या स्टुलावर बसल्या. “हा असाच गेला असता तर? न्यायाधीशांनी विचारलं असतं तर?” दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे याल का? मला चुका दाखवणारं माणूस हवंय. नाहीतर मला झोप लागत नाही.”

दीक्षितांचं घराणं पंचवटीतलं, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पौरोहित्य करणारं. वडिलांच्या चोपड्यांत लोकांच्या सात-सात पिढ्यांची नावं. वडील गेले, भाऊ नव्हता. चोपड्या चुलतभावाकडे, माधवकडे गेल्या आणि सरोजबाई वकील झाल्या. लग्न केलं नाही. घरी आई आणि त्या. सुरुवातीला त्यांच्याकडे वाटणीचे आणि भाडेकरूंचे दावे असत. मग एकदा कुणाची तरी विहीर कारखान्याच्या पाण्यानं नासल्याचं प्रकरण आलं आणि त्या जिंकल्या. त्यानंतर घाण पाण्याची, धुराची, तोडलेल्या झाडांची माणसं त्यांचा जिना चढू लागली. “ही माणसं मला कुणी पाठवली?” त्या वैतागून म्हणत, आणि पुढच्याच मिनिटाला कागद मागून घेत.

त्यांच्यातलाच एक धवळू भोये.

पेठच्या बाजूला डोंगरात एक पाडा आहे, वीस-पंचवीस घरांचा. नागली आणि भात पिकवायचा, उन्हाळ्यात द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीला उतरायचं, असं तिथलं जगणं. पाड्याच्या डोक्यावर दगडाची खाण सुरू झाली होती. सुरुंगांनी घरांच्या कुडांना भेगा पडल्या, क्रशरची भुकटी भातावर बसू लागली आणि बारमाही झरा मार्गशीर्षातच आटायला लागला. धवळू पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. बाईंच्या समोर तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता. उकिडवा बसला आणि पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी दुधासारखं पांढरं.

“हे पितो आमी, बाई. तू वकील हायेस ना? मंग पी.”

बाईंनी बाटली हातात घेतली, उघडली, वास घेतला आणि खाली ठेवली. “नाही पिऊ शकत,” त्या म्हणाल्या. “भीती वाटते.”

धवळू पहिल्यांदा हसला. “खरं बोललीस. दुसऱ्या वकिलानं घोट घेतला न् भायेर जाऊन थुकला.”

असं ते प्रकरण आमच्याकडे आलं.

न्यायालयानं पाहणीसाठी एक वयस्कर वकील कमिशनर नेमले. त्यांच्याबरोबर आम्ही दोघी पाड्यावर गेलो. सुरुंग लावण्याआधी लाल निशाण दाखवायचं, भोंगा वाजवायचा, असा नियम. आम्ही धवळूच्या ओट्यावर बसलो होतो. त्याची बायको पारू चहा गाळत होती. ना भोंगा, ना निशाण. एकदम जमीन हादरली आणि पाठोपाठ कौलांवर दगडांचा सडा पडला. पारूच्या हातातलं भांडं उडालं. कमिशनरसाहेब दाराच्या चौकटीला मिठी मारून उभे. मी डोळे उघडले तर मॅडम दिसेनात. त्या खाटेखाली होत्या. पालथ्या, डोक्यावर फाइल, शेजारी धवळूच्या तीन कोंबड्या.

आणि खाटेखालूनच त्यांचा आवाज आला, थरथरणारा, पण स्पष्ट, “सोनवणेबाई, घड्याळ बघा. वेळ लिहा.”

मी लिहिली. अकरा वाजून वीस मिनिटं.

“कमिशनरसाहेबांची सही घ्या त्याच्यावर. आत्ता. हात थरथरतोय तोवर घ्या. नंतर ते म्हणतील फार मोठा नव्हता.”

ती वेडीवाकडी सही पुढे फार कामाला आली. परत येताना जीपमध्ये त्या घाटभर फाइल मांडीवर घट्ट धरून बसल्या. त्यांच्या केसांत कोंबडीचं पीस अडकलेलं होतं. काढावं की नाही, मला कळत नव्हतं.

मग फोन सुरू झाले. दुपारी तीनच्या सुमाराला, ऑफिसात. उचलला की पलीकडे नुसता श्वास. नंतर एक पांढरी जीप दिसायला लागली, कधी इमारतीखाली, कधी त्यांच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी. आत दोन माणसं, काही करत नसत, नुसती बसलेली. मॅडमनी जीपचा नंबर लिहून घेतला आणि पोलिसांत लेखी तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “मॅडम, रस्ता सार्वजनिक आहे.”

आणि मग एका सकाळी माधव आला, त्यांचा चुलतभाऊ. एरवी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सोवळ्यावर शर्ट घालून तसाच धावत आला होता. मॅडमना खुर्चीत बसलेलं बघून तो दारातच थांबला आणि रडायला लागला.

“अरे, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?”

“ताई, तू बरी आहेस ना?”

हळूहळू उलगडा झाला. आदल्या दिवशी गंगेवर माधवबरोबर पौरोहित्य करणाऱ्या जोडीदाराकडे दोन माणसं आली होती. एक दशक्रिया विधी करायचा आहे, आधीच नोंद करून ठेवा, मग ऐन वेळी धावपळ नको, असं म्हणाली. जोडीदार नवीन होता, त्यानं वहीत लिहून घेतलं. सकाळी माधवनं वही उघडली. मृताचं नाव, सरोज दत्तात्रय दीक्षित. गोत्रही बरोबर लिहिलं होतं.

मॅडम म्हणाल्या, “तिथी कोणती दिलीय?”

“येती दशमी.”

त्यांनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीनं मागे मोजत गेल्या. मी वाकून बघत होते. पुरोहिताच्या घरच्या त्या, हा हिशेब त्यांना शिकवावा लागत नव्हता. दशमीला दहावा म्हणजे माणूस गेलं प्रतिपदेला. त्यांची पेन्सिल प्रतिपदेवर थांबली. त्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाडा, साक्ष.’

त्या दिवशी न्यायाधीश धवळूची साक्ष ऐकणार होते.

“तारीख मागून घ्या,” मी म्हटलं. “आजारी आहे म्हणा. खोटं कुठेय त्यात? अंगाला हात लावून बघा तुमच्या.”

“पुढची तारीख घेतली तर ते लोक वहीत पुढची तिथी लिहितील,” त्या म्हणाल्या. “किती वेळा मरू?” आणि मग वेगळ्याच बारीक आवाजात, “गोत्र कुणी सांगितलं असेल हो त्यांना?” त्यांना सगळ्यात जास्त हेच लागलं होतं. नाव कुणालाही कळतं. गोत्र सांगायला घरातलं, निदान घाटावरचं माणूस लागतं. त्यानंतर त्या पंचवटीत कुणाच्या घरी पाणी प्यायल्या नाहीत.

प्रतिपदेच्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर त्या आधीच येऊन बसलेल्या. आईला सिन्नरला मावशीकडे पाठवलं होतं. टेबलावर एक पाकीट, वर माझं नाव. “हे काय?” “कुठली फाइल कुठे आहे, ते लिहिलंय. मी नसले तर.” मी पाकीट उघडलं नाही. मला राग आला होता. त्यांच्या घाबरण्याचा नव्हे, माझ्या घाबरण्याचा. त्या दोनदा मोरीत जाऊन उलटी करून आल्या. पदरानं तोंड पुसलं, कोट चढवला. “चला.”

खाली उतरलो तर फूटपाथवर पाड्याची माणसं उभी होती. पेठच्या पहिल्या गाडीनं आलेली, बारा-पंधरा बायाबाप्ये. धवळूनं मॅडमकडे निरखून बघितलं.

“बाई अशी पिवळी का पडली?” त्यानं मला विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. तो मागे वळला. मग आपल्या माणसांना काहीतरी बोलला, त्यांच्या त्यांच्या बोलीत. सगळे सरकले. बायका दोन्ही बाजूंनी, बाप्ये मागे, धवळू सगळ्यांच्या पुढे. त्या घोळक्याच्या मध्ये मॅडम. पांढरी जीप स्टँडच्या कोपऱ्यावर उभी होती. तिच्यातली माणसं बघत होती. धवळूनं हात वर केला आणि अख्खा रस्ता थांबवला. बस थांबली, रिक्षा थांबल्या. आम्ही पलीकडे गेलो.

न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकारा व्हायची वाट बघत असताना धवळू मॅडमजवळ आला. साक्षीला उभं राहायचं म्हणून त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

“बाई, मी समदं सांगतो. खाणवाल्याचं नाव बी घेतो. मंग मला काय व्हनार नाय ना?”

मॅडम म्हणाल्या, “नाही. काही होणार नाही.”

कागद तीनदा वाचल्याशिवाय न बोलणारी बाई. तेवढं एक वाक्य त्या न वाचता बोलल्या.

धवळूनं साक्ष अशी दिली, की आजही नाशिकच्या जुन्या वकिलांना ती आठवते. खाणवाल्यांच्या वकिलांनी विचारलं, “झऱ्याचं पाणी कमी झालं म्हणता. तुम्ही कधी मोजलं होतं का?” धवळू म्हणाला, “सायेब, आईचं दूध आटलं तं लेकराला मोजाया लागत नाय.” न्यायाधीशांनी मान वर केली. मॅडमचा हात टेबलाची कड धरून होता, नखं पांढरी पडलेली. दीड तास त्या बोलल्या. आवाज सुरुवातीला फाटला, मग सापडला. दशमी आली आणि गेली, त्यांना काही झालं नाही. आठवड्याभरानं खाणीला मनाई हुकूम मिळाला.

होळी झाली आणि पाड्यावरून निरोप आला, की धवळू खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यात सापडला.

पाय घसरून पडला, असं कागदावर लिहिलं गेलं. असेलही. नसेलही. मला माहीत नाही, आणि मॅडमनी पुढची चार वर्षं धडपड करूनही ते कधी सिद्ध झालं नाही. आम्ही त्याच दिवशी पाड्यावर गेलो. पारूनं दार लावून घेतलं होतं. मॅडम अंगणात उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं. शेजारच्या म्हातारीनं सावलीत बोलावलं, त्या गेल्या नाहीत. दोन-अडीच तास तशाच. दार उघडलं नाही. शेवटी त्या दाराजवळ जाऊन एवढंच म्हणाल्या, “पारूताई, मी त्याला खोटं सांगितलं.”

त्यानंतर त्यांच्या भीतीची जात बदलली. पूर्वी जिन्यावर पाऊल वाजलं की त्या स्वतःसाठी दचकत. आता एखादा साक्षीदार समोर बसला की त्यांना घाम फुटे. “तुम्ही बोलू नका,” त्या म्हणत. “कागदांवर लढू. नाव नको, सही नको.” त्यांनी साक्षीदार उभे करणंच बंद केलं आणि त्यामुळे दोन दावे हरल्या. मी एकदा बोलून दाखवलं. “हरू द्या,” त्या म्हणाल्या. “हरलेला माणूस घरी तर जातो.”

पुढल्याच वर्षी वरून एक परिपत्रक आलं. वस्तीपासून खाणीचं अंतर किती असावं, तो आकडाच बदलला. खाणवाल्यांनी ते न्यायालयात ठेवलं आणि मनाई उठली. धवळू ज्यासाठी बोलला होता ते अर्ध्या पानाच्या कागदानं गेलं. मॅडमनी ते अर्धं पान कितीदा वाचलं, मोजलं नाही मी. शेवटी म्हणाल्या, “सोनवणेबाई, पाणी वर गढूळ होतंय. मी खाली बसून गाळतेय.”

त्या राजकारणात गेल्या त्या अशा. तेव्हा छोटा असलेला एक पक्ष कुणीतरी शिकलेला उमेदवार शोधत होता. पहिल्या सभेच्या आधी पक्षाच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं त्यांना पढवलं, “ताई, भाषण सोपं असतं. ‘मी कुणाच्या बापाला भीत नाही’ म्हणायचं, टाळी घ्यायची.” संध्याकाळची वेळ, मैदानात दोन-तीनशे माणसं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. हातातला कागद असा थरथरत होता, की माइकमधून त्याची फडफड ऐकू येत होती.

“मी भिते,” त्या म्हणाल्या. लोक हसले. “आत्ताही भितेय. तुम्ही दोनशे जण आहात म्हणून भितेय. मला मत दिलंत तर तुमचं सगळं चांगलं होईल, तुम्हाला काही होणार नाही, असं मी सांगणार नाही. मी ते एका माणसाला सांगितलं होतं. तो वारला.” टाळी एकसुद्धा नाही. कार्यकर्त्यानं कपाळाला हात लावला.

त्या निवडणुकीत त्या पडल्या. पुढच्या वेळी पुन्हा पडल्या. तिसऱ्या वेळी निवडून येऊन दिल्लीला गेल्या. लोकांना बहुधा सवय झाली होती, की ही बाई म्हणते तेवढंच होतं, पण तेवढं होतं.

दिल्लीहून रविवारी सकाळी फोन यायचा. “उद्या सभागृहात बोलायचंय. हात गार पडलेत. ऐका जरा.” मग त्या पूर्ण भाषण वाचून दाखवत आणि मी चुका सांगत असे. खाणींच्या नियमांची एक समिती होती, कुणाला नको असलेली. तिथे मिरवायला काही नसतं, नुसते कागद. त्या पाच वर्षं तिथे शेवटच्या पानापासून वाचत बसल्या. त्यातूनच वस्ती आणि खाण यांच्यातलं अंतर पुन्हा कायद्यात आलं, या वेळी परिपत्रकानं हलणार नाही अशा जागी. पाड्यावरची खाण बंद झाली. झरा मात्र परत आला नाही.

पक्षात पुढे दोन बडे नेते एकमेकांच्या जिवावर उठले. तडजोड म्हणून अध्यक्षपद मॅडमना दिलं. त्या मला फोनवर म्हणाल्या, “दोघांनाही वाटतंय, ही घाबरट बाई आहे, आपलं ऐकेल.” पहिल्याच बैठकीत त्यातल्या एकानं खाणवाल्यांच्या बाजूच्या ठरावासाठी टेबलावर मूठ आपटली. बाईंच्या हातातला पाण्याचा पेला अंगावर सांडला. सगळे बघताहेत. त्या ओल्या साडीनं म्हणाल्या, “मी घाबरले आहे, हे तुम्हाला दिसलंच. माझं मत तेच आहे. पुढचा विषय घ्या.” हे मला त्यांच्या सचिवानं सांगितलं. त्या स्वतः फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, “साडी खराब झाली हो.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पेठच्या बाजूला, एका शाळेच्या पटांगणात.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एक नवा, पहिल्याहून मोठा प्रकल्प येणार होता. कायद्याप्रमाणे जनसुनावणी ठेवली होती. मॅडमनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माझे गुडघे गेले होते, टाइपरायटर केव्हाच माळ्यावर पडला होता. “नुसत्या या,” म्हणाल्या. मांडवात व्यासपीठावर त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. त्या तिथे गेल्या नाहीत. खाली सतरंजीवर, पाड्याच्या बायकांच्या मागे बसल्या. मी त्यांच्या शेजारी मांडवाच्या खांबाला टेकून. त्यांच्या मागे बंदूकवाला पोलीस अवघडून उभा.

मांडवाच्या चारी बाजूंना प्रकल्पाची माणसं उभी होती. हाताची घडी घालून, गप्प. कोण आलंय, कोण कुणाशेजारी बसलंय, हे बघत होती. दोघांच्या हातांत मोबाइल होते आणि ते लोकांचे फोटो काढत होते.

अधिकारी म्हणाले, “कुणाला काही बोलायचं असेल तर बोला.”

कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी मॅडमकडे आशेनं बघितलं. सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले. त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

“बोला ना,” मी कुजबुजले.

“मी बोलले तर ते माझं राजकारण होईल. यांचं म्हणणं राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि यांना बोला म्हणून मी सांगणार नाही. नाही सांगणार.”

“मग काय करायचं?”



“कुणाचीही हरकत नाही, अशी नोंद घ्या,” अधिकारी शेजारच्या लिपिकाला म्हणाले.

तेवढ्यात आमच्या पुढच्या रांगेतून एक बाई उठायला लागली. हात जमिनीला टेकवून, गुडघ्यावर जोर देत. केस पांढरे झालेले. पाठमोरी असूनही मी ओळखलं. पारू. इतक्या वर्षांत ती मॅडमशी एक अक्षर बोलली नव्हती.

आणि मॅडमनी पुढे वाकून तिचा पदर धरला. राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्ष, सगळ्यांच्या देखत. “बसा, पारूताई. हात जोडते तुम्हाला. बसा खाली. फोटो काढताहेत ते.” चेहरा मेणासारखा झाला होता. त्या इतक्या भ्यालेल्या मी त्या प्रतिपदेलाही पाहिल्या नव्हत्या.

पारूनं मागे वळून पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तिनं मॅडमची बोटं एकेक करून पदरातून सोडवली, जशी लहान पोराची सोडवतात तशी. मग पुढे तोंड केलं.

“मी पारूबाई धवळू भोये,” ती म्हणाली. “माझा दादला साक्ष देऊन मेला. तो काय बोलला व्हता ते मला पाठ हाय. मी बोलते.”

लिपिकाचं पेन थांबलं. त्यानं अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी म्हणाले, “बाई, जुनी प्रकरणं नको. प्रकल्पाबद्दल बोला. हे लिहू नका हो.”

मॅडम उठल्या. वाटेतल्या बायकांनी पाय आखडून त्यांना जागा करून दिली. त्या पारूच्या शेजारी गेल्या आणि तिच्या पायांजवळ, जमिनीवरच बसल्या. माझ्याकडे हात केला. मी वही आणि पेन पुढे सरकवलं; लेखी हरकत अधिकाऱ्यांना नाकारता येत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मांडवाच्या कडेचे दोघे मोबाइल धरून जवळ आले. पारू बोलत होती, झरा कुठून निघायचा, कुठून वाहायचा, कुणाकुणाच्या शेतातून जायचा, आणि मॅडम मांडीवर वही घेऊन लिहीत होत्या. अक्षर ओळीच्या वर-खाली जात होतं, पण एकही शब्द सुटत नव्हता. हळूहळू मागच्या रांगेतली आणखी एक बाई उठून उभी राहिली. मग एक म्हातारा. आपली पाळी यायची वाट बघत.

पारू श्वास घ्यायला थांबली. मॅडमनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं आणि वर बघून विचारलं, “बरोबर आहे?”

“बरोबर हाय,” पारू म्हणाली. “पन अजून संपलं नाय. लिही पुढं.”